मुंबईच्या शाळा आणि हातांनीं शिकावयाचें शास्त्र

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेंत देवळाच्या बांधणीचा, पूर्वीच्या धर्मगुरूंचा व मंडळांच्या कार्याचा वृत्तांत यावा, हें रूढीस धरून आहे. आणि तो वृत्तांत या पुस्तिकेंत इतरत्र आलाच आहे. परंतु देवळाला लागून शाळा असावी ही आपली जुनी चाल असल्यामुळें शाळेच्या इतिहासालाही येथें थोडी जागा मिळावी, या हेतूनें प्रस्तुत लेखाचा विषय योजिला आहे. शाळेचा इतिहास म्हणजे इमारतींचा व मुख्याध्यापकांच्या नांवांचा इतिहास नव्हे. वर्गांत बसलेल्या मुलाच्या हातांत काय दिलें गेलें, हाच त्यांतील खरा प्रश्न होय. पाटी दिली, पुस्तक दिलें, पुढें वही दिली; पण भिंग, चुंबक, बीं, तराजू हीं त्याच्या हातांत कधीं आलीं, कोणी आणून दिलीं आणि तीं पुन्हां कपाटांत कशीं गेलीं, ही हकीकत बव्हंशीं गिरगांव, परळ, दादर या आपल्याच वस्तींत घडलेली असून ती फार थोड्यांस ठाऊक आहे.

सेमिनरींत तत्त्वज्ञान शिकतांना अगदीं आरंभीं एक सिद्धान्त कानांवर पडतो. मनुष्याच्या बुद्धीला जें जें कळतें त्याची वाट इंद्रियांतून येते, असा त्याचा आशय. हा विचार आरिस्टॉटलचा. सेंट थॉमस अक्वायनस यांनीं तो स्वीकारून त्यावर आपल्या ज्ञानविचाराची उभारणी केली. त्यांचे गुरु सेंट आल्बर्ट यांनीं तर वनस्पती व प्राणी यांचें स्वतः निरीक्षण करून ग्रंथ लिहिले, आणि १९४१ सालीं पोप बारावे पायस यांनीं त्यांस सृष्टिशास्त्रांच्या अभ्यासकांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलें. आनुवंशिकतेचे नियम ज्यांनीं मठाच्या बागेंत वाटाण्याचीं रोपें मोजून शोधून काढिले ते ग्रेगोर मेंडेल हे मठवासी धर्मगुरूच होते. तेव्हां हातानें करून पाहणें आणि बुद्धीनें जाणणें यांत विरोध आहे, असें आपल्या परंपरेनें कधीं मानिलेलें नाहीं. असें असूनही हा सिद्धान्त मुंबईच्या बाकांवर बसलेल्या मुलांपर्यंत पोहोंचावयास दीडशें वर्षें लागलीं. आणि अजूनही तो सर्वांपर्यंत पोहोंचला आहे असें म्हणवत नाहीं.

वस्तुपाठाचा काळ

पाश्चात्य पद्धतीचें पदार्थविज्ञान मुंबईंत शिरलें तें मुख्यतः एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या द्वारें. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ सालीं स्वदेशीं परतले त्या प्रसंगीं नागरिकांनीं निधि जमविला व त्यांतून उच्च शिक्षणासाठीं प्रोफेसर आणविण्याचें ठरलें. १८३४ सालीं बाळशास्त्री जांभेकर हे त्या संस्थेंत असिस्टंट प्रोफेसर झाले, आणि १८३५ सालीं पदार्थविज्ञानाचे प्रोफेसर ऑर्लेबार इंग्लंडाहून येऊन दाखल झाले. ‘दर्पण’ पत्राचे संपादक म्हणून बाळशास्त्र्यांचें नांव सर्वांस माहीत आहे; परंतु कुलाब्याच्या वेधशाळेचेंही काम त्यांनीं पाहिलें, आणि १८४० सालीं काढिलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकांतून शास्त्रीय विषय मराठी वाचकांपुढें मांडिले, हें विसरतां कामा नये. १८४६ सालीं ऐन उमेदींत त्यांचा अंत झाला. त्यांच्या पश्चात् दोनच वर्षांनीं त्याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनीं आपली एक साहित्य व शास्त्र मंडळी स्थापन केली, आणि १८४९ पासून तिच्या सभासदांनीं मुलींच्या शाळा चालविल्या. त्या तरुणांपैकीं दादाभाई नौरोजी हे पुढें गणित व पदार्थविज्ञान यांचे प्रोफेसर झाले, व त्या पदावर येणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

हा आरंभ मोठा उज्ज्वल खरा. तथापि या सर्व व्यवस्थेंत यंत्र प्रोफेसरांच्या टेबलावर व विद्यार्थी बाकावर, असें अंतर होतें. विद्यार्थ्यानें पाहावें, ऐकावें व लिहून घ्यावें. यंत्राला हात लावावयाचा तो प्रोफेसरांनीं किंवा त्यांच्या मदतनिसानें. प्राथमिक शाळेंत तर यंत्रच नव्हतें. तेथें आला तो ‘वस्तुपाठ’.

या शब्दाची कथा मोठी बोधप्रद आहे. हल्लीं आपण ‘अमुक पुढाऱ्यानें त्यागाचा वस्तुपाठ घालून दिला’ असें म्हणतों, तेव्हां या शब्दांत एक खरीखुरी वस्तु दडलेली आहे याची आपणांस आठवणही नसते. स्वित्झर्लंडांतील शिक्षणवेत्ते पेस्टालॉझी (१७४६–१८२७) यांचें सांगणें असें कीं, मुलाला शब्दाआधीं वस्तु द्यावी. त्यानें ती पाहावी, चाचपावी, हुंगावी आणि मग तिच्याविषयीं बोलावें. हा विचार इंग्लंडांत गेला तेव्हां त्याचीं पाठ्यपुस्तकें झालीं. एलिझाबेथ मेयो यांच्या तत्संबंधीं प्रसिद्ध पुस्तकांतील पहिलाच पाठ कांचेवर आहे. शिक्षकानें कांचेचा तुकडा दाखवावयाचा आणि मुलांनीं ‘कांच पारदर्शक आहे, गुळगुळीत आहे, ठिसूळ आहे’ असे तिचे गुण म्हणावयाचे. ट्रेनिंग कॉलेजांतून ही पद्धति हिंदुस्थानांतही आली. वाटेंत मात्र वस्तु हरवली आणि पाठ तेवढा राहिला. कांच न पाहतांही ‘पारदर्शक’ हा शब्द पाठ म्हणतां येतो, हें मुलांच्या व गुरुजींच्याही लवकरच ध्यानांत आलें. ज्या औषधानें पाठांतराचा रोग बरा व्हावयाचा, त्याचेंच पाठांतर झालें! पुढील सर्व इतिहासांत हा प्रकार पुनः पुन्हां घडलेला दिसेल, म्हणून तो वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

झेवियर्स कॉलेजांतील वनस्पतिसंग्रह

१८६९ सालीं येशूसंघीय धर्मगुरूंनीं सेंट झेवियर्स कॉलेज स्थापन केलें. या कॉलेजानें शास्त्रशिक्षणाची जी सेवा केली तींतील एकच गोष्ट येथें सांगतों, कारण ती शाळेंतील मुलांसही अनुकरणीय आहे. फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे स्वित्झर्लंडांत १८७७ सालीं जन्मलेले येशूसंघीय १९०३ च्या सुमारास मुंबईस आले व येथें वनस्पतिशास्त्र शिकवूं लागले. पुस्तकांतील वनस्पती युरोपांतल्या. खिडकीबाहेरील वनस्पती सह्याद्रीच्या. ही विसंगति त्यांनीं आपल्या पायांनीं दूर केली. डोंगर हिंडून, वनस्पती गोळा करून त्यांनीं १९०६ सालीं आरंभिलेला संग्रह आज ‘ब्लॅटर हर्बेरियम’ या नांवानें जगांतील अभ्यासकांस परिचित असून त्यांत लाखाहून अधिक नमुने आहेत. ताड-माडांच्या जाती, मुंबई इलाख्यांतील गवतें, हिंदुस्थानांतील सुंदर वृक्ष, अशा विषयांवरील त्यांचे ग्रंथ अद्याप उपयोगांत आहेत. १९३४ सालीं ते निवर्तले. त्यांची परंपरा फादर सांतापाव यांनीं चालविली. हे मूळचे स्पेनचे; खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ सालीं निघाला, व १९६१ पासून त्यांनीं भारत सरकारच्या वनस्पति-सर्वेक्षण खात्याचे संचालक म्हणून काम केलें.

हर्बेरियमचें एक पान कसें तयार होतें तें पाहा. फूल, पान व शक्य तर फळ असलेली डहाळी कापावी. टिपकागदाच्या घडींत घालून वर वजन ठेवावें. कागद ओलसर होतील तसे बदलावेत. आठवड्या-दोन आठवड्यांत ती वाळली कीं जाड कागदावर शिवावी किंवा चिकटवावी. आणि कोपऱ्यांत चिठ्ठी लावावी. त्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचें नांव असलेंच पाहिजे. चिठ्ठी नसेल तर नमुना कितीही सुंदर असला तरी शास्त्राच्या दृष्टीनें तो निरुपयोगी. ‘मीं पाहिलें, अमुक जागीं, अमुक दिवशीं’ अशी साक्ष देणें हें शास्त्राचें पहिलें कर्तव्य होय. आणि एक जुनें वर्तमानपत्र व दोन विटा एवढ्या सामग्रीवर तें सहावीच्या मुलालाही करितां येतें.

गिरणगांवांतील शाळा आणि दादरचें शिशुविहार

कॉलेज ही मूठभरांची गोष्ट. गिरणी-कामगारांचीं मुलें कोठें होतीं? मुंबईंतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ सालीं उभी राहिली. पुढें परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सर्व भाग चिमण्यांनीं व चाळींनीं भरला. १९२५ सालीं म्युनिसिपालिटीनें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्यास आरंभ केला तो प्रथम एफ व जी या वॉर्डांत, म्हणजे मुख्यतः याच कामकरी वस्तींत. त्यामुळें कोंकणांतून व घाटावरून आलेल्या कुटुंबांचीं मुलें प्रथमच मोठ्या संख्येनें वर्गांत बसलीं. संख्या वाढली तसा फळ्यावरील शिकवणीचा भार वाढला, आणि वस्तु आणखीच दूर गेली.

तरीही याच भागांत एक निराळा दिवा लागला होता. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनीं भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचें काम केल्यावर १९३६ सालीं दादर येथें शिशुविहार सुरू केलें. डॉ. मारिया माँटेसरी या इटालियन कॅथलिक विदुषीची पद्धति त्यांनीं आपलीशी केली होती. मणी, ठोकळे, वाळू, पाणी व कापडाचे पोत यांवरून मुलानें स्वतःच्या बोटांनीं लहान-मोठें, जड-हलकें, खरखरीत-मऊ हे भेद ओळखावयाचे. शिक्षिकेनें मध्यें बोलावयाचें नाहीं. पुढें ताराबाईंनीं बोर्डी व कोसबाड येथें अनुताई वाघ यांच्या सहकार्यानें हेंच काम आदिवासी मुलांत नेलें, तेव्हां विकत आणिलेल्या महाग साधनांच्या जागीं बिया, शिंपले, गोटे व पानें आलीं. परिणाम तोच; खर्च मात्र जवळजवळ कांहींच नाहीं. विज्ञानशिक्षणाच्या पुढील प्रयत्नांना लागणारें अर्धें तत्त्व येथें सिद्ध झालें होतें. परंतु बालवर्गाचा हा संस्कार पहिलीच्या उंबरठ्यापाशींच थांबला.

नाना चौकांतील प्रयोग

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगानें (१९६४–६६) पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणांत सर्व मुलांस विज्ञान व गणित आवश्यक असावें, अशी शिफारस केली. आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी हे स्वतः पदार्थवैज्ञानिक, व सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या महाराष्ट्राचे. शिफारस न्याय्यच होती. पण तिचा अर्थ असा कीं, ज्या म्युनिसिपल शाळेंत प्रयोगशाळा तर दूरच, पण एक धड टेबलही नाहीं, तेथील मुलालाही आतां विज्ञानांत उत्तीर्ण व्हावें लागणार.

याच सुमारास कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील कांहीं शास्त्रज्ञ म्युनिसिपल शाळांत जाऊं लागले. विश्वकिरण व मूलकण यांचा अभ्यास करणारे हे लोक. त्यांनीं पांचवी-सातवीच्या वर्गांत येऊन बसावें, ही त्या काळीं नवलाची गोष्ट होती. प्रा. भा. मा. उदगांवकर व प्रा. व्ही. जी. कुलकर्णी हीं त्यांतील अग्रगण्य नांवें. या स्वयंसेवेंतूनच १९७४ सालीं सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साह्यानें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झालें, व प्रा. कुलकर्णी त्याचे संचालक झाले. केंद्राचें पहिलें बिऱ्हाड कोठें होतें म्हणाल, तर गिरगांवाला लागून असलेल्या नाना चौकांतील म्युनिसिपल शाळेच्या इमारतींत. ज्या शाळा सुधारावयाच्या त्यांच्याच छपराखालीं बसून तें काम झालें, हें मला विशेष वाटतें. मानखुर्द येथील प्रशस्त जागा त्याला पुष्कळ वर्षांनीं मिळाली.

केंद्रानें जळगांव जिल्ह्यांतील खिरोदें येथें ग्रामीण शाळांतून काम केलें आणि मुंबईंत म्युनिसिपल शाळांतून. १९८० पासून त्यानें अनुसूचित जातींच्या, म्युनिसिपल शाळेंत शिकणाऱ्या मुलांचे गट निवडून त्यांस शालान्त परीक्षेपर्यंत जादा मार्गदर्शन देण्याचा उपक्रम चालविला. तो करण्यामागील प्रश्न फार गंभीर होता. हीं मुलें मागें पडतात तीं बुद्धि कमी म्हणून, कीं त्यांस जें मिळावयास हवें तें मिळत नाहीं म्हणून? करून पाहणें, प्रश्न विचारणें, मोकळेपणानें बोलणें व लिहिणें यांची संधि मिळतांच त्या मुलांचे शालान्त परीक्षेंतील निकाल लक्षणीय रीतीनें उंचावले. बुद्धीचा दोष नव्हता. दोष देणाऱ्यांचा होता. मनुष्यमात्र समान प्रतिष्ठेचा आहे असें आपण वेदीवरून सांगतों. येथें तीच गोष्ट गुणपत्रिकेनें सांगितली.

मुंबईच्या या मंडळींचा एक धागा मध्यप्रदेशापर्यंत गेला. टाटा संस्थेंतील डॉ. अनिल सद्गोपाल यांनीं १९७१ सालीं नोकरी सोडली, आणि १९७२ सालीं होशंगाबाद जिल्ह्यांतील १६ शाळांत विज्ञानशिक्षणाचा नवा कार्यक्रम सुरू झाला. मुलांनीं चार-चारांच्या टोळीनें प्रयोग करावयाचा, जें दिसलें तें आपल्या शब्दांत लिहावयाचें, आणि परीक्षेंत पुस्तक जवळ ठेवावयाचें. कारण ज्याचें उत्तर पुस्तकांतून उतरवितां येतें असा प्रश्न विचारावयाचाच नाहीं. १९७८ पासून हा कार्यक्रम सर्व जिल्ह्यांत पसरला. तीस वर्षें चालून २००२ सालीं सरकारी निर्णयानें तो बंद पडला. त्याच चळवळींतून पुढें आलेले अरविंद गुप्ता यांनीं पुण्याच्या आयुका संस्थेंत कित्येक वर्षें काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी व जुन्या चपला यांपासून शास्त्रीय खेळणीं करून दाखविलीं. कार्यक्रम बंद करितां येतो. परंतु काडीचा त्रिकोण ढळत नाहीं व चौकोन ढळतो, हें एकदां ज्याच्या बोटांस कळलें त्याच्यापासून तें काढून घेतां येत नाहीं.

भाषेची भिंत

प्रयोगसाहित्य आणून दिलें कीं काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. नाना चौकांतील कार्यकर्त्यांस निराळाच अनुभव आला. मुलांच्या व शास्त्राच्या मध्यें एक भिंत होती ती भाषेची. मराठी माध्यमाची शाळा, मराठी आईबाप, मराठी पुस्तक. तरीही पुस्तकाची मराठी ही मुलाला परकीच. प्रा. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनीं या भाषिक अडथळ्याचा पद्धतशीर अभ्यास करून १९८१ सालीं तो प्रसिद्ध केला. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली असतां मुलांचें आकलन सुधारतें, असें त्यांस आढळलें.

याचें मर्म आपल्या चाळींत पाहूं. ‘बाष्पीभवनाचा वेग पृष्ठफळ, तापमान व वाऱ्याची गति यांवर अवलंबून असतो’ हें वाक्य सातवीच्या मुलीला पाठ करावें लागतें. पण हीच मुलगी आईबरोबर गॅलरींत कपडे वाळत घालीत आली आहे. लुगडें घडी करून न टाकतां पसरून टाकावें, वारा असला कीं तें दुपारींच वाळतें, आणि आषाढांत दोन दिवस ओलें राहतें, हें तिला पक्कें ठाऊक आहे. नियम तिच्या हातांत आहे. फक्त नियमाचें नांव तिच्या जिभेवर नाहीं. तिचा बाप किंवा आजा गिरणींत असेल तर त्याहून पुढची गोष्ट त्या घरांत माहीत असते कीं, हवा कोरडी झाली तर सूत तुटतें, म्हणून कांतण्याच्या खात्यांत हवा मुद्दाम दमट ठेवीत. मुंबईला गिरण्या भरभराटल्या त्याला समुद्राची दमट हवा हेंही एक कारण होतें. असें ज्ञान ज्यांच्या घरीं आहे त्यांच्या मुलांनीं ‘आर्द्रता’ या शब्दापाशीं अडखळावें आणि आपण मंद आहों असें समजावें, यासारखी दुःखाची गोष्ट नाहीं. शिक्षकानें गॅलरीपासून आरंभ करून ‘बाष्पीभवना’पर्यंत यावें; शब्द शेवटीं द्यावा, आरंभीं नव्हे. पेस्टालॉझींनीं हेंच सांगितलें होतें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगांव पूर्वीचें राहिलें नाहीं. सुमारें अडीच लक्ष कामगारांचीं घरें त्यांत पोळलीं. ज्या घरांत बापाचें कसब मुलाला उपयोगीं पडणार नव्हतें, तेथें शाळेंतील शिक्षण हाच एक आधार उरला. म्हणून विज्ञान नीट शिकविलें जातें कीं नाहीं हा प्रश्न या भागांत केवळ शैक्षणिक पद्धतीचा नव्हता. तो पोटाचा होता.

कांहीं प्रयोग

आतां प्रत्यक्ष प्रयोगांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण ‘साधनें नाहींत’ ही सबब सर्वांत अधिक ऐकूं येते.

हळद पाण्यांत कालवून ती कागदावर लावावी व कागद वाळवावा. त्याच्या एका टोंकास साबणाचें किंवा चुन्याचें पाणी लावितांच कागद लाल होतो. त्यावर लिंबू पिळलें कीं पुन्हां पिवळा. साबण व चुना एका जातीचे, लिंबू त्याच्या उलट जातीचें, हें मुलानें डोळ्यांनीं पाहिलें. कुंकू पूर्वीं हळदीपासूनच करीत, हें सांगितलें तर तो रंग कोठून आला याचा उलगडा मूल स्वतःच करितें.

दोरीला दगड बांधून तो हेलकावूं द्यावा. दोरी एक मीटर असली तर वीस हेलकाव्यांस सुमारें चाळीस सेकंद लागतात; पाव मीटर केली तर वीस. लांबी चौथाई, वेळ निम्मी. दगड जड केला तरी वेळ बदलत नाहीं, हें पाहून मुलें हटकून वाद घालतात, आणि तो वाद पुन्हां मोजूनच मिटतो. पिसा येथील देवळांत हेलकावणारा दिवा पाहून गॅलिलिओला हा नियम सुचला अशी आख्यायिका आहे.

चौपाटीवर एका आठवड्यांत रोज भरतीची वेळ टिपावी. ती दररोज सुमारें पन्नास मिनिटें पुढें सरकते, कारण चंद्रही तितकाच उशीरा माथ्यावर येतो. अमावास्या-पौर्णिमेचें उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येणारी भांग हे कोळी बांधवांचे शब्द शास्त्राच्या पुस्तकांतील शब्दांइतकेच काटेकोर आहेत.

शाळेच्या गच्चीवर एक काठी उभी रोवून तिची सावली मोजावी. सावली सर्वांत आंखूड होते ती बाराच्या ठोक्याला नव्हे. वर्षाच्या सरासरीनें बारा वाजून सुमारें ३९ मिनिटांनीं. कां? तर आपलें घड्याळ ज्या रेखावृत्तावरून लाविलेलें आहे तें मुंबईच्या बरेंच पूर्वेस आहे. १९०६ पासून प्रमाणवेळ सुरू झाली तेव्हां कित्येक मुंबईकरांनीं ती मानली नाहीं व ३९ मिनिटें मागें असलेली ‘मुंबई वेळ’ पुष्कळ वर्षें चालू ठेविली. तो इतिहासाचा धडाही या काठीनेंच शिकवितां येतो. वर्षांतून दोनदां, मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस, काठीची सावली मध्यान्हीं अजीबात नाहींशी होते. दैवयोग असा कीं, पहिल्या वेळीं शाळेला सुट्टी असते व दुसऱ्या वेळीं आकाश मेघांनीं भरलेलें असतें!

वरील प्रयोगांत विकत आणावी अशी वस्तु जवळजवळ नाहीं. प्रयोग चुकला तरी तो फुकट जात नाहीं. मुलांच्या मोजण्यांत फरक पडला तर फरक कां पडला हाच पुढील पाठ होतो.

पुन्हां कपाट, पुन्हां कुलूप

१९७९ सालीं वरळी येथें मुलांसाठीं विज्ञान-उद्यान उघडलें व ११ नोव्हेंबर १९८५ रोजीं तेथेंच नेहरू विज्ञान केंद्र सुरू झालें. झोका, कप्पी, तरफ व आरसे यांना मनसोक्त हात लावण्याची मोकळीक मुंबईच्या मुलांस मिळाली. १९८१ पासून मुंबईच्या विज्ञान-शिक्षकांच्या संघानें डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चालविली. सहावी व नववीच्या मुलांची लेखी परीक्षेबरोबरच प्रयोगपरीक्षा घ्यावयाची, त्यांच्याकडून स्वतंत्र प्रकल्प करवून घ्यावयाचा, ही कल्पना स्तुत्यच होती आणि अनेक मुलांस तिनें शास्त्राची गोडी लाविली. पण कांहीं वर्षांतच या प्रयोगपरीक्षेसाठीं शिकवण्यांचे वर्ग निघाले, तयार साहित्याच्या पेट्या विकूं लागल्या, आणि प्रयोगाचें उत्तर प्रयोगाआधींच पाठ होऊं लागलें. ज्याच्या घरीं पैसा आहे त्याच्या मुलाला हें मिळतें. म्युनिसिपल शाळेंतील मुलाला मिळत नाहीं. वस्तुपाठाचें जें झालें होतें तेंच येथेंही झालें. शालान्त परीक्षेंतील प्रात्यक्षिकाच्या वह्याही एकमेकांवरून उतरविल्या जातात, हें कोणा पालकाला सांगावयास नको.

एका शाळेंत (नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) मीं कांचेचें सुरेख कपाट पाहिलें. आंत नळ्या, चंच्वा, भिंगें, चुंबक सर्व ओळीनें मांडलेलें होतें व चुंबकावर भावाची चिठ्ठी अद्याप तशीच होती. फुटेल म्हणून देत नाहीं, असें उत्तर मिळालें. फुटलेली नळी पुन्हां आणितां येते. पण बारा वर्षांच्या मुलाचें कुतूहल एकदां वाळून गेलें तर तें कोणत्या दुकानांतून आणावयाचें? हल्लीं पडद्यावर चलच्चित्रें दाखवून प्रयोगाची उणीव भरून काढितात. त्यांचा उपयोग आहे. जें डोळ्यांस दिसत नाहीं तें त्यांत दिसतें. परंतु पडद्यावरील दगड कधीं चुकीच्या वेळीं हेलकावत नाहीं. आणि जेथें चुकण्याची सोय नाहीं तेथें शिकण्याचीही नाहीं.

या इतिहासाचें तात्पर्य थोडक्यांत सांगतां येईल. साधनें महाग असावीं लागत नाहींत, हें शिशुविहारानें व काडेपेटीनें दाखविलें. मुलांची बुद्धि कमी नाहीं, हें नाना चौकानें दाखविलें. भाषा मुलाची असावी लागते, हेंही तेथेंच कळलें. आणि परीक्षा पाठांतराची राहिली तर सर्वोत्तम पद्धतीचेंही पाठांतर होतें, हें वस्तुपाठापासून आजपर्यंत प्रत्येक पिढीनें दाखविलें. सरकारच्या परीक्षा आपल्या हातीं नाहींत; पण शनिवारची सकाळ आपल्या हातीं आहे. आपल्या मंडळींत शिक्षिका आहेत, दवाखान्यांत काम करणारे आहेत, परळच्या रेल्वे-कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर व टर्नर आहेत. त्यांच्या हातांत जें कौशल्य आहे तें कोणत्याही पुस्तकांत नाहीं. धर्माचा भेद न करितां शेजारच्या चाळींतील व म्युनिसिपल शाळेंतील मुलांस या हॉलांत बोलवावें, कपाटाची किल्ली खिळ्यावर टांगून ठेवावी, आणि जें फुटेल त्याचा खर्च महोत्सवाच्या निधींतून सोसावा, अशी माझी सर्वांस विनंति आहे.

महोत्सवाच्या रोषणाईचे दिवे आठ दिवसांनीं उतरतील. परंतु या वर्षीं एखाद्या मुलीनें हळदीचा कागद स्वतःच्या हातानें लाल करून ‘असें कां होतें?’ म्हणून विचारलें, तर तो प्रश्न तिच्याजवळ जन्मभर राहील. ज्यानें आपणांस हात दिले व हातांबरोबर बुद्धि दिली, तो परमेश्वर या कार्यास यश देवो, एवढी प्रार्थना करून हा लेख पुरा करितों.